देव राहिला बाजूला

उदयनाचार्यांची एक आख्यायिका सांगतात. दहाव्या शतकातले हे मोठे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, तर्कशास्त्राचे पंडित. ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करायला त्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’ हा आख्खा ग्रंथ खर्ची घातला. तर हे एकदा पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले आणि पाहतात तो देवळाचं दार बंद. उदयन वैतागले. बंद दारासमोर उभं राहून त्यांनी थेट देवालाच सुनावलं: ऐश्वर्याचा मद चढलाय तुला, मला विचारतसुद्धा नाहीस; पण बौद्ध वाद घालायला उभे राहिले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं, हे विसरू नकोस.

गोष्ट खरी की खोटी ते देव जाणे. पण मला ती फार आवडते. देवाची वकिली करणाऱ्या माणसाला आतून काय वाटत असतं, ते एवढ्या मोकळेपणानं कुणी बोलून दाखवलेलं माझ्या वाचनात नाही.

त्या काळातला हा वाद बघण्यासारखा आहे. बौद्ध आणि जैन जगाचा कर्ता ईश्वर नाकारत होते. त्यांचं सोडा, वेदांना आणि त्यांतल्या यज्ञकर्मांना शिरोधार्य मानणारे मीमांसकसुद्धा नाकारत होते. यज्ञ चालायला सृष्टिकर्त्याची गरज नाही, असं त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांचं म्हणणं. म्हणजे कर्मठ आणि तरी निरीश्वर. आज असा माणूस भेटला तर दोन्ही बाजू त्याला दारात उभं करणार नाहीत. आखाडा कोणता तेही ठरलेलं होतं: प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, कुठली मानायची? प्रत्यक्ष (डोळ्यांनी पाहिलेलं) की अनुमान (तर्कानं काढलेलं) की शब्द (विश्वासू माणसानं किंवा ग्रंथानं सांगितलेलं)? आधी समोरच्याचं म्हणणं पूर्वपक्ष म्हणून नीट मांडायचं, मग त्याचं खंडन. (नीट मांडायचं हा नियम झाला, पाळला गेलाच असं नाही. देव आणि वेद दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकांचं स्वतःचं लिखाण जवळजवळ उरलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं ते बहुतेक विरोधकांच्या ग्रंथांतून, मुख्यतः माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. परिणाम असा की ज्यांनी अनुमानाच्या मुळावरच घाव घातला, त्यांची आठवण लोकांना काय, तर कर्ज काढून तूप पिणारे.)

आज कुणी मला म्हणालं की घड्याळ आहे त्याअर्थी घड्याळजी असणारच, तसाच जगाचाही कर्ता असणार, तर मी त्याच्याशी तासन्‌तास बोलू शकतो. मी स्वतः देव मानत नाही, पण या वादात मला मजा येते आणि समोरच्यालाही येते. कुणाचा रक्तदाब वाढत नाही. तोच माणूस जेव्हा म्हणतो, “ते तर्काचं जाऊ दे, मला त्याचा अनुभव आहे,” तेव्हा मात्र पाच मिनिटांत आवाज चढतात. असं का होतं?

घड्याळाच्या युक्तिवादात पुरावा आम्हा दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवलेला असतो. मी त्याच्यावर हात उगारला तरी समोरच्याला लागत नाही. अनुभवाच्या बाबतीत मात्र तो माणूस हाच पुरावा. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्ये चमत्कारांबद्दल एक साधा हिशेब मांडला: कुणी चमत्कार सांगितला तर बघा, चमत्कार घडला असण्याची शक्यता जास्त की सांगणारा फसला किंवा फसवतोय याची? कागदावर हा हिशेब बिनतोड आहे. पण ह्यूमच्या डोळ्यांसमोर जुन्या बखरी आणि दूरदूरच्या साक्षी होत्या. साक्षीदार जेव्हा आपली मामी असते तेव्हा गणित तेच राहतं, बोलायची जीभ मात्र अडखळते. “मला पटत नाही” एवढंच म्हटलं तरी तिला ऐकू जातं, “तू खोटारडी तरी आहेस नाहीतर भोळसट.”

मामी उगाच आणली नाही. मामाची बायपास होऊन तो घरी आला, त्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही भाचरं त्याच्या खोलीत जमलो होतो. मामी फोनवर कुणाला तरी सांगत होती, “डॉक्टरांनी केलं ते केलंच हो, पण वाचवलं त्यानं.” फोन ठेवला तसा माझा मावसभाऊ म्हणाला, “मामी, वाचवायचंच होतं तर त्यानं आधी ब्लॉकेज कशाला होऊ दिले?”

मामी हसली. “त्याची मर्जी.”

“आणि शेजारच्या खाटेवरचे काका गेले, तीही त्याचीच मर्जी?”

इथवर सगळं ठीक चाललं होतं. प्रश्न जुनाच आहे. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला आणि प्रार्थनेला जमलेली माणसं चर्चमध्येच गाडली गेली, तेव्हा अख्खा युरोप हाच प्रश्न विचारत होता. मामीनं लिस्बनचं नाव ऐकलेलं नसेल, पण तिनं प्रश्न टाळला नाही. “ते मला नाही रे कळत,” म्हणाली. मला वाटतं या विषयावर इतकं प्रामाणिक उत्तर फार थोडे धर्मपंडित देतात. वाद तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण ती जरा थांबली, आणि अगदी मायेनं, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तुझी आई लवकर गेली ना, म्हणून तू असा झालास. राग आहे तुझा त्याच्यावर.”

भावानं पाठ आक्रसून घेतली. मग एकेक शब्द मोजून टाकावा तसं म्हणाला, “आणि मामाशिवाय राहायची तुम्हाला भीती वाटते, म्हणून तुम्हाला तो लागतो.”

कुणीच काही बोललं नाही. ज्याच्या वाचण्यावरून हे चाललं होतं तो मामा उशीवरून म्हणाला, “पंखा एकवर करा रे कुणीतरी.”

दोघांची वाक्यं बहुधा खरी होती. मावशी गेल्यावर भाऊ बदलला हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, आणि दवाखान्यात मामीचा चेहरा कसा झाला होता तेही. पण त्या दोन वाक्यांचा देव असण्या-नसण्याशी काडीचा संबंध नव्हता. आईविना वाढलेल्या मुलाचा निष्कर्ष बरोबर असू शकतो, आणि घाबरलेल्या बाईचाही. त्या क्षणापर्यंत ती दोघं एकमेकांना उत्तरं देत होती. त्यानंतर एकमेकांचं निदान करू लागली. ‘तू म्हणतोस ते चूक का’ हे सोडून ‘तू असं म्हणतोस ते का’ यावर गाडी आली. माणूस उत्तरानं हरतो तेव्हा फार तर चिडतो. निदानानं मात्र तो पेशंट होतो.

आस्तिक-नास्तिकांची भांडणं पेटतात ती जवळजवळ नेहमी याच जागी, असं माझं मत झालंय. आणि याला केवळ उद्धटपणा म्हणून भागत नाही. मामीइतकं मायाळू माणूस आमच्या घराण्यात नाही. निदानाची गरज का पडते ते पाहायला हवं.

1776 च्या जुलैत जेम्स बॉस्वेल हा लेखक ह्यूमला भेटायला गेला. ह्यूम मरणपंथाला लागला होता, त्याला आणि सगळ्यांना ते माहीत होतं. बॉस्वेल श्रद्धाळू, आणि मरणाला भयंकर भिणारा. या नास्तिकाला आता शेवटी तरी काही वाटतंय का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं विचारलंच: आपण उरणारच नाही या विचारानं अस्वस्थ व्हायला होत नाही का? ह्यूम म्हणाला, जराही नाही. जन्माआधी मी नव्हतो, त्याचं कुठे वाईट वाटतं? वर थट्टामस्करी चालूच. बॉस्वेल तिथून हादरून निघाला. तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

ह्यूमनं त्या दिवशी कुठलाही नवा युक्तिवाद केलेला नव्हता. तो नुसता शांत होता, आणि तेवढंच बॉस्वेलला पुरलं. श्रद्धेशिवाय माणूस मरणाला तोंड देऊ शकत नाही, हे त्यानं गृहीत धरलेलं, आणि समोर एक माणूस गप्पा मारत मरत होता. उलट बाजूलाही हेच घडतं. श्रद्धा म्हणजे अडाणीपणा असं मानणाऱ्या नास्तिकाला कधीतरी एखादा वैज्ञानिक, एखादी न्यायाधीश, स्वतःपेक्षा चार पावलं पुढं विचार करणारी एखादी मैत्रीण भेटते, आणि ती रोज प्रार्थना करते. आता हिचं काय करायचं? मला जे लख्ख दिसतं ते हिला दिसत नसेल, तर एकतर ते तितकं लख्ख नाही, नाहीतर हिच्या डोळ्यांत काही दोष आहे. यातली पहिली शक्यता त्रासाची. दुसरी सोयीची. तिथून निदान सुरू होतं.

दोन्हीकडचे दवाखाने सुसज्ज आहेत. नास्तिकांकडे मनोविश्लेषक फ्रॉइड: 1927 मध्ये त्यानं सांगून टाकलं की ईश्वर म्हणजे असहाय मुलाला हवा असलेला बाप, आकाशाएवढा मोठा केलेला. आस्तिकांकडे याचा उतारा तयारच असतो: ज्याचं बापाशी पटलं नाही त्याला तो मोठा बापही नको असतो. दोन्ही सिद्धांत कुठल्याही माणसाला लागू पडतात, आणि खोटे म्हणून कधीच पकडले जात नाहीत. ते इतके लोकप्रिय का, हे यातच आलं.

अँटनी फ्ल्यू या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं काय झालं बघा. पन्नासेक वर्षं हा माणूस निरीश्वरवादाचा खंदा पुरस्कर्ता. काय घडलं म्हणजे तुम्ही तुमचं म्हणणं मागं घ्याल, असं तो आस्तिकांना विचारायचा. कशानंच मागं घेणार नसाल तर तुम्ही नेमकं काही म्हणताय तरी का? प्रश्न जबर होता. 2004 मध्ये, 81 व्या वर्षी, त्यानंच जाहीर केलं की जगामागं कुणीतरी बुद्धिमान कर्ता असावा असं आता मला वाटतं. प्रार्थना ऐकणारा, पाप-पुण्य बघणारा देव त्याला तेव्हाही मान्य नव्हता. लगेच एका बाजूनं सुरू झालं: वय झालं, भ्रम झाला, कुणीतरी कह्यात घेतलं. दुसरी बाजू आधीची पन्नास वर्षं आडमुठेपणात जमा करून मोकळी झाली. त्याचा नवा युक्तिवाद बरा की वाईट (मला तो कच्चा वाटतो), यावर बोलणारे थोडेच निघाले.

मदर तेरेसांच्या बाबतीतही तेच. 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्यांची खाजगी पत्रं छापून आली. ती नष्ट करा, असं त्यांनी हयातीत विनवलं होतं. पत्रांतून दिसलं ते असं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत काहीच जाणवत नव्हतं. बोलावं तर पलीकडे कुणी नाही अशी अवस्था. एक बाजू म्हणाली, बघा, मनातून नास्तिकच होती, कबूल करायचं धैर्य नव्हतं. दुसरी म्हणाली, संतांना अशी काळोखी रात्र येतेच, ती तर सिद्धीचीच खूण. एवढी वर्षं उत्तर न येता एक बाई पहाटे उठून प्रार्थनेला बसत राहिली, या गोष्टीपुढं मला दोन्ही स्पष्टीकरणं तोकडी वाटतात. पण ती गोष्ट तशीच राहू दिली तर दोघांचंही अडतं.

इथं कुणी म्हणेल, मग श्रद्धा हा ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न, आपण बोलूच नये. हे तोडगेबाज शहाणपण मला मान्य नाही. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं 1877 मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं, डागडुजी हवी. मालकाला शंका येते, पण तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, देव पाठीशी आहे, काही होणार नाही. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं, माणसं मरतात, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा दोषी आहेच. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी असता. कारण तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता.

आजारी मुलाला औषध द्यायचं की नाही, कुणाशी लग्न करू द्यायचं, शाळेत काय शिकवायचं, हे ठरताना श्रद्धा घराचा उंबरठा ओलांडून बाहेर येते. जाब विचारला की पुन्हा आत जाते आणि ‘खाजगी’ अशी पाटी लावते. भांडणं वाढायचं हे दुसरं कारण, आणि यात मी सरळ नास्तिकांच्या बाजूनं आहे. बाहेर येऊन निर्णय घ्यायचे तर प्रश्नही बाहेरच घ्यावे लागतील. मात्र क्लिफर्डनं मालकाला काय विचारलं ते विसरून चालणार नाही. शंका आली तेव्हा तू जहाज तपासलंस का? त्याचं बालपण कसं गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. प्रश्न असा होता की मालक मनात आणता तर गोदीत जाऊन स्वतः उत्तर शोधू शकला असता.

क्लिफर्ड 1879 मध्ये गेला, अवघ्या 33 व्या वर्षी. त्याला सर्वांत चांगलं उत्तर मिळालं ते 1896 मध्ये, विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाकडून, म्हणजे ऐकायला तो नव्हताच. जेम्सचं म्हणणं थोडक्यात असं: काही प्रश्न पुराव्यानं सुटत नाहीत, पण ते टाळताही येत नाहीत, न ठरवणं हेही एक ठरवणंच असतं. तिथं माणसानं मनाच्या ओढीनं एक बाजू धरली तर तो गुन्हा नाही. मला जेम्स पूर्ण पटत नाही. ही सवलत जहाजमालकही मागेल, अशी भीती वाटते. पण त्यानं क्लिफर्डला भेकड किंवा दुखावलेला ठरवून मोडीत काढलं नाही, निदान पूर्णपणे नाही. चूक होण्याची भीती हीही एक भावनाच, असा हलका चिमटा त्यानं काढलाय. तेवढा मोह त्यालाही आवरला नाही.

पुराव्यानं तरी मिटतं का? 2006 मध्ये अमेरिकेत बायपासच्या 1,802 रुग्णांवर एक मोठा प्रयोग छापून आला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक पडला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी जास्तच आढळली. नास्तिकांना हा प्रयोग तोंडपाठ असतो. आस्तिकांना तो लागतच नाही. “प्रार्थना म्हणजे काय औषधाचा डोस आहे?” बरोबर आहे, नाही. पण मग मामा बरा झाला तेव्हा श्रेय कुणाला गेलं होतं?

या सगळ्यात मला एक घर राहून राहून आठवतं: चार्ल्स आणि एम्मा डार्विनचं. लग्नाआधी वडिलांनी चार्ल्सला सल्ला दिला होता की धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपव. त्यानं लपवल्या नाहीत. जानेवारी 1839 मध्ये लग्न झालं आणि थोड्याच काळात एम्मानं त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहून पत्र, कारण तोंडानं बोललं तर नीट बोलता येणार नाही. त्यात निदानही आहे, नाही असं नाही: सिद्ध होईपर्यंत काही मानायचं नाही या विज्ञानातल्या सवयीचा परिणाम, ज्या गोष्टी तशा सिद्ध होऊच शकत नाहीत त्यांच्यावरही होत नसेल ना? तुझ्या मोठ्या भावाच्या शंकांनी तुझी वाट सोपी केली नसेल ना? पण हे ती विचारते, ठरवत नाही. आणि आपलं काय पणाला लागलंय तेही लपवत नाही. आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल, असं तिनं लिहिलंय. ‘कायमचे’ यात मरणानंतरचंही आलं. उत्तराची अपेक्षा नाही, असंही लिहिलंय.

चार्ल्सनं ते पत्र जन्मभर जपलं. त्याच्या खाली त्याच्या हातचा मजकूर आहे: मी गेल्यावर तुला कळू दे, की कितीदा तरी मी याचं चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय. पटलं असं कुठेही म्हटलेलं नाही. पटलं नव्हतंच. 1851 मध्ये त्यांची ॲनी दहा वर्षांची होऊन गेली. दोघांचा शोक एकच होता. ती पुन्हा भेटेल ही आशा तेवढी एकीकडेच.

हे एवढ्यावर संपलं असतं तर छान झालं असतं. पण चार्ल्सनं म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं. श्रद्धा न ठेवणाऱ्यांना कायमची शिक्षा सांगणारा धर्म खरा असावा असं कुणाला वाटूच कसं शकतं, असं त्यात त्यानं म्हटलं. कारण मग माझे वडील, माझा भाऊ आणि माझे जवळजवळ सगळे जिवलग मित्र त्या शिक्षेचे धनी होतात. ही शिकवण त्यानं निंद्य ठरवली. 1882 मध्ये तो गेला, आणि मुलानं आत्मचरित्र छापायला घेतलं तेव्हा एम्मानं हा भाग गाळायला लावला. 1887 ची आवृत्ती त्याच्याविना निघाली. पूर्ण मजकूर त्यांच्या नातीनं, नोरा बार्लोनं, 1958 मध्ये छापला.

त्या परिच्छेदात निदान अजिबात नाही. एम्मा भित्री आहे किंवा भोळी आहे, असं तो म्हणत नाही. तो शिकवणीबद्दल बोलतो, स्वतःच्या वडिलांचं नाव घेऊन बोलतो, आणि त्याचा मुद्दा आजही खोडायला जड जातो. एम्माला तो खुपला, कारण तिला तो कच्चा वाटला: लोक आता असं मानत नाहीत, मग चार्ल्सच्या नावावर हे कठोर वाक्य कशाला, असं तिचं म्हणणं. माझ्या मते तिचं हे म्हणणं चूक होतं आणि परिच्छेद काढायला नको होता. पण मी त्या घरातला मुलगा असतो, आई समोर बसलेली असती आणि छापखान्यात पानं जायची असती, तर मीही तो काढलाच असता.